सूत जुळेना!

निवृत्त माणसाने काय करावं याविषयी निवृत्त न झालेल्या लोकांची मतं फार ठाम असतात. आमच्या शहाद्यात तर त्याची जवळजवळ ठरलेली यादीच आहे. शेत असेल तर पपई लावावी. शेत नसेल तर दुसऱ्याच्या पपईला काय भाव मिळाला याची चौकशी करावी. पहाटे गोमाईच्या पुलापर्यंत फिरून यावं, सवड काढून प्रकाशाला तापीत बुडी मारून यावी, आणि उरलेला दिवस एस. टी. स्टँडवर कुठली गाडी किती उशिरा आली हे बघण्यात घालवावा. (निवृत्त माणसाने सवड कशातून काढायची, हे कुणी सांगत नाही.) या यादीत ‘लाकडाला नक्षीची कड काढण्याचं विजेचं यंत्र घ्यावं’ असं कुठेही लिहिलेलं नाही. मी ते घेतलं. म्हणजे माझ्या पदरात ते पडलं. आणि त्याला बसतील अशी बिटं शोधता शोधता, बत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेल्या माणसाचं गणित किती कच्चं असू शकतं, याचा साक्षात्कार मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी झाला.

हे सगळं सुरू झालं देव्हाऱ्यापासून. वडिलांनी हा देव्हारा १९६२ साली गावातल्या एका मिस्त्रीकडून करून घेतला. सातपुड्याचं सागवान, चार खांब, वर छोटा कळस. आणि खाली बैठकीला तिन्ही बाजूंनी नक्षीची पट्टी. नक्षी म्हणजे वेलबुट्टी नव्हे. वर एक आत गेलेली पन्हळ, मध्ये सपाट पट्टा आणि खाली बाहेर आलेली गोलाई. सुतारकामाच्या भाषेत गलता आणि गोला. बस्स, इतकंच. पण आमच्या घरात देवांपेक्षा त्या पट्टीचा उपयोग जास्त होता. आई दुपारी कापसाच्या वाती वळायची आणि वळलेली प्रत्येक वात त्या पन्हळीत आडवी ठेवत जायची. वाती तिथे शिस्तीत पडून राहायच्या. बाबांनी तिला वातींसाठी पितळेचा एक सुंदर डबा आणून दिला होता. त्या डब्यात तिने मरेपर्यंत सुपारी ठेवली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गावातलं जुनं घर सोडून नव्या वसाहतीत राहायला आलो. सामान हलवताना देव्हाऱ्याजवळ आल्यावर मी हमालांना थांबवलं आणि “याला कुणी हात लावू नका, हा मी धरतो,” असं बजावलं. हे वाक्य माझ्या आयुष्यातलं फार महागात पडलेलं वाक्य आहे. हमालांनी कपाट, पलंग, पिठाची चक्की सगळं सुखरूप पोचवलं. देव्हारा मी धरला, आणि टेम्पोच्या फळीवर त्याची डावी बाजू आपटून पट्टीचा हातभर तुकडा सुटून आला. मी तो जपून नव्या घरात खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने त्याने डिस्टेंपर ढवळला, अर्धा तुकडा मोडून डब्याचं झाकण उचकटलं आणि उरलेला कुठे टाकला ते त्याला आठवेना. त्याला काय बोलणार? त्याच्या दृष्टीने ती काठीच होती.

पहिल्या वर्षी मी त्या बाजूला निरांजन ठेवून भागवलं, कारण आक्काला त्या वर्षी येता आलं नव्हतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, दोंडाईच्याला दिलेली. मिरचीच्या गावात पन्नास वर्षं काढल्यामुळे तिचे डोळे आणि जीभ दोन्ही तयार आहेत. खानदेशात दिवाळीला माहेरी आली नाही तरी चालतं, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. अक्षय्य तृतीयेला आई-बाबांच्या नावाने घागर भरायची, वर डांगर ठेवायचं, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि त्या आधी देव्हाऱ्यापाशी बसून वाती वळायच्या. हे काम आईनंतर आक्काचं. यंदा ती येणार होती. फाल्गुन उजाडला तेव्हा आमची ही पोळी लाटता लाटता एवढंच म्हणाली, “आक्का येतील. वाती कुठे ठेवतील?”

मी बाजारात निघालो.

फर्निचरच्या पहिल्या दुकानात मला प्लायवूडला लावायची तयार पट्टी दाखवण्यात आली. तिच्यावर द्राक्षाचे घड होते. दुसऱ्या दुकानात प्लास्टिकची होती, सोनेरी. “धुता येते,” दुकानदार म्हणाला. तिसऱ्याने देव्हाराच नवा घ्या म्हणून सुचवलं. त्याच्याकडे दिवे आपोआप लागणारा होता. सरळ सागवानाला सरळ गलता आणि गोला मारून देतो असं म्हणणारा कुणी भेटेना. आणि नेमकं तेव्हाच मी पुण्याच्या पुतण्यासमोर फोनवर हे रडगाणं गायलं. नव्या पिढीचं एक आहे. तिला दुःख सांगितलं की ती वस्तू पाठवते.

“काका, सोप्पं आहे. राऊटर घ्या. छोटा ट्रिमर पाठवतो. कडेवरून फिरवला की झालं.”

यंत्र आठ दिवसांनी आलं. पुतण्याने पत्त्यात ‘जिल्हा धुळे’ लिहिलं होतं. आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ च्या १ जुलैला वेगळा झाला, पण पुण्याला अजून कळवायचं राहिलेलं दिसतं. खोकं उघडलं तर आत बाटलीएवढं गोंडस यंत्र, दोन पाने, एक माहितीपत्रक (त्यात चौदा भाषा, मराठी सोडून) आणि लोखंडाची दोनतीन बारीकसारीक चुकार भांडी. बिट एकही नव्हतं. म्हणजे करवत आहे, पण तिला दात वेगळे विकत घ्यायचे. हिने खोकं आवरलं, थर्माकोल झटकला, आणि मी मोबाईल घेऊन बिटं बघायला बसलो.

वाचकहो, लग्नाच्या वयाच्या मुलाला स्थळांचे फोटो एकदम दोनशे दाखवले तर त्याचं जे होईल ते माझं झालं. काय एकेक आकार! कुणाची कंबर बारीक, कुणाला तिहेरी वळण, कुणी मंदिराच्या शिखरासारखं. नावंही भारी. कड नुसती गोल करणारं ते ‘राऊंड ओव्हर’. पन्हळ पाडणारं ‘कोव्ह’. नागमोडी वळणाचं ते ‘ओजी’. त्यातही एक ‘रोमन ओजी’ होतं. रोममधल्या कुणा पंजाबी गृहस्थाला घरातून हाक येते आहे, असंच मला वाटलं.

आता आपल्या पट्टीचा नेमका आकार हवा म्हणून मी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला आणि देव्हाऱ्याच्या शाबूत बाजूवर दाबून ठसा घेतला. ठसा सुरेख आला. हिने “देवाला आता कच्चीच पोळी का?” असं विचारलं, तिकडे मी दुर्लक्ष केलं. पण चैत्रातलं आमचं ऊन कणकेलाही सोडत नाही. संध्याकाळपर्यंत ठसा आक्रसला, त्याला भेगा पडल्या, आणि त्या भेगाळलेल्या ठशाशी मी मोबाईलवरची चित्रं ताडून पाहिली. एक अगदी हुबेहूब जुळलं. गलता, पट्टा, गोला सगळं एकाच बिटात! एकदा फिरवलं की पट्टी तयार! मी तत्काळ मागवलं.

सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिथे घोडा घ्यायला आलेला साधा शेतकरीसुद्धा आधी घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, मग पाय बघतो, आणि रंगाबिंगाचं शेवटी. तीस मैलांच्या आत राहून, ती यात्रा पन्नास वेळा बघून, मी मात्र बिट घेतलं ते शेपटी बघून. त्याची दांडी किती जाडीची आहे हे मी पाहिलंच नाही.

बिट आलं. हातात घेतलं तर पाव किलोचं वजन असावं असं जड. पात्याकडची रुंदी दोन इंच. आणि दांडी अर्धा इंच. माझ्या यंत्राचं तोंड बघितलं तर त्यात पेन्सिलसुद्धा शिरेना.

आता हे तोंड म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मोटारीच्या टोकाला पोलादाची एक चिरा पाडलेली नळी असते, तिला कॉलेट म्हणतात. बिटाची दांडी तिच्यात घालायची आणि वरून नट आवळायचा. आवळला की चिरा मिटतात आणि नळी दांडीला चहूबाजूंनी घट्ट धरते. पण ती मिटून मिटून किती मिटणार? केसभर. म्हणून ज्या मापाची नळी त्याच मापाची दांडी लागते. मोठ्या राऊटरला अर्ध्या इंचाची किंवा बारा मिलिमीटरची, काहींना आठची, आणि आमच्यासारख्या छोट्यांना सहा मिलिमीटरची किंवा पाव इंचाची. लोखंडाच्या दुकानात शेठजींनी मला हे सगळं चहा पाजून सांगितलं. मी आशेने विचारलं, “मध्ये काही घालून बसवता येईल का?”

“येतं ना गुरुजी. मोठ्या तोंडात बारीक दांडी बसवायला बुश मिळतं. बारीक तोंडात मोठी दांडी बसवायला फक्त देव मिळतो.”

घरी आलो आणि हिशेब मांडला. सवयच ती. माझ्या ट्रिमरचा वेग मिनिटाला तीस हजार फेरे, म्हणजे सेकंदाला पाचशे. दोन इंच व्यासाच्या बिटाचा परिघ सुमारे सोळा सेंटीमीटर. म्हणजे पात्याची धार सेकंदाला ऐंशी मीटर धावणार. ताशी २८७ किलोमीटर! शहाद्याहून दोंडाईच्यामार्गे धुळ्याला जाणाऱ्या आमच्या गाडीने हा वेग स्वप्नातही पाहिलेला नाही. आणि ही गाडी मी ज्या यंत्राच्या तोंडात कोंबायला निघालो होतो, ते मी एका हाताने धरणार होतो. म्हणूनच मोठं बिट मोठ्या यंत्रावर आणि तेही वेग कमी करून चालवतात. ज्यांचा वेग कमी होत नाही त्यांनी मोठं बिट लावू नये. मी घाम पुसला. बिट टेबलावर वर्तमानपत्र उडू नये म्हणून ठेवलं. त्या कामाला ते उत्तम आहे.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो. दांडी बघूनच घ्यायचं! यंत्राच्या तोंडावर ‘६’ कोरलेलं होतं. मोबाईलवर बारा बिटांचा एक संच होता, लाकडी पेटीत, आणि त्यावर लिहिलं होतं ‘पाव इंच दांडी’. आता पाव इंच म्हणजे किती? सहा मिलिमीटर, असं मी मनातल्या मनात म्हणालो आणि पैसे भरले. मुलांना मी आयुष्यभर बजावत आलो होतो, ‘मनातल्या मनात गणित करू नका, पायऱ्या लिहा.’ पायऱ्या लिहिल्या असत्या तर एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याचा चौथा भाग ६.३५, हे दिसलं असतं.

पेटी आली. बारा बिटं मखमलीत झोपलेली. एक उचललं, तोंडाशी लावलं. जाईना. दुसरं जाईना. बाराही जाईनात. ०.३५ मिलिमीटर जास्त! ज्या माणसाने बत्तीस वर्षं पस्तीस मार्कांवर मुलं पास केली, कित्येकांना तेहतीस पडले असता कुठूनतरी दोन शोधून काढून पस्तीस केले, तो माणूस पस्तीस शतांशावर नापास झाला होता. आणि इथे ग्रेस देणारं कुणी नव्हतं.

शेजारी मात्र होते. आमच्या वसाहतीत कुणाच्याही घरी यंत्र आलं की शेजारी हजर होतात. एकजण म्हणाले, दांड्या कानशीने घासा. दुसरे म्हणाले, हातोडीने हळूच ठोका, पोलाद आहे, ऐकेल. तिसऱ्यांनी, जे निवृत्त कंडक्टर आहेत, “पुढे सरका, पुढे सरका, होते जागा,” असा धंद्यातला उपाय सांगितला. कानस मी हातात घेतलीही होती. मग म्हटलं, सेकंदाला पाचशे फेरे घेणाऱ्या वस्तूला आपण हाताने घासलेली दांडी लावायची म्हणजे स्वतःच्या घागरीची सोय स्वतःच करून ठेवण्यासारखं आहे. आखाजीला वीस दिवस होते. हिने काही म्हटलं नाही. ती फक्त रोज निरांजन डाव्या बाजूला जरा सरकवून ठेवायची आणि पुन्हा जागेवर आणायची.

शेवटी मी जुन्या गावात गेलो. तिथे एका गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत. आता काम त्यांचा नातू बघतो, हे ओट्यावर बसून त्याच्या चुका बघतात. मी दोन्ही प्रकारची बिटं, यंत्र आणि वाळलेला कणकेचा ठसा त्यांच्यापुढे मांडला. त्यांनी ठसा उचलला, वास घेतला आणि बाजूच्या बकरीला दिला.

“गुरुजी, माल दाखवू नका. देव्हारा दाखवा.”

त्यांना रिक्षाने घरी आणलं. चपला काढून ते देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले. उजव्या बाजूच्या पन्हळीत त्यांनी अंगठा घातला आणि टोकापर्यंत सावकाश ओढत नेला. मग परत आणला. “हाई मना बापनं काम शे,” असं ते म्हणाले, आणि थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. हिने चहा ठेवला.

मग त्यांनी खिशातून घडीचं मोजमाप काढलं. “दोन सूत गलता, दोन सूत पट्टा, दोन सूत गोला. सहा सुतांची पट्टी. बाप दुसरं माप करतच नव्हता.”

सूत! एका इंचाची आठ सुतं. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, पुढच्या वर्षी नवे पैसे आले, शाळेत आम्ही मिलिमीटर घोकले. पण सुताराच्या हातातलं सूत काही सुटलं नाही. दोन सूत म्हणजे पाव इंच. माझ्या पेटीतलं पन्हळीचं एक बिट पाव इंच त्रिज्येचं होतं, कड गोल करणारंही पाव इंच त्रिज्येचं होतं. म्हणजे आकार पहिल्यापासून घरातच होता. नुसत्या एका मोठ्या बिटाच्या मागे लागून मी सुतावरून स्वर्गाला निघालो होतो. त्यांच्या बापाने एकाच रंध्यात सगळी नक्षी कधी काढलीच नव्हती. गलत्याचा रंधा वेगळा, गोल्याचा वेगळा, आणि मधला पट्टा म्हणजे दोघांनीही हात न लावलेली जागा.

“तो गलत्याचा रंधा आहे का अजून?”

“आहे. पण पातं घासून घासून दोन सुताचं पावणेदोन झालं. अन् लाकूड वाळवीने खाल्लं. यंत्रानेच करू.”

“पण बिटं बसत नाहीत ना मिस्त्री! पस्तीस शतांश...”

ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर देव्हाऱ्याच्या आत होती. बाळकृष्णाच्या शेजारी एक चकचकीत पोलादी वस्तू उभी होती, तळाशी निमुळती, चिरा पाडलेली, आणि तिच्यात तीन उदबत्त्या जळत होत्या.

“गुरुजी,” ते म्हणाले, “देवाला मशीनचं तोंड वाहिलं का?”

ही पदराला हात पुसत बाहेर आली. “ते होय? त्या खोक्यात थर्माकोलखाली होतं. मला वाटलं कंपनीने उदबत्तीचं घर फुकट दिलंय. छान उभ्या राहतात हो.”

ते पाव इंचाचं दुसरं कॉलेट होतं. अशा कित्येक यंत्रांबरोबर दोन्ही मापांची कॉलेटं येतात, सहाचंही आणि पाव इंचाचंही, ज्याला जे लागेल ते लावावं म्हणून. गेला महिनाभर मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर हात जोडून ‘देवा, बिट बसू दे’ म्हणत होतो. देव दुसरं काय करणार?

राख झटकून कॉलेट पुसलं, बदललं. पाव इंचाची दांडी आत गेली ती लोण्यात सुरी जावी तशी. माझ्या डोक्यात लगेच शंका आली की मग सहाची दांडीही या पाव इंचाच्या तोंडात चालत असेल, सैल थोडी, पण आवळली की बसेल. मी तसं म्हटलं मात्र, मिस्त्रींनी आपला डावा हात पुढे केला. तर्जनीचं पेर अर्धं होतं. “आवळल्यासारखी वाटते. चालू केली की सरकते.” मी पुढे काही विचारलं नाही.

लाकूडही त्यांनीच ठरवलं. बाजारातलं नवं सागवान नको, ते अजून ओलं असेल, नंतर आखडेल. आमच्या जुन्या घरातून आणलेली खिडकीची एक फळी माळ्यावर होती, साठ वर्षं वाळलेली. मी लगेच करवत घेऊन तिची सहा सुतांची पट्टी कापायला बसलो, तर त्यांनी करवत काढून घेतली. हे मात्र मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नव्हतं, निदान मला येणाऱ्या तीन भाषांत. बारीक पट्टी कापून तिच्यावर यंत्र फिरवायचं नसतं. यंत्राला टेकायला जागा राहत नाही, पट्टी थरथरते, फाटते, कधी हातातून उडते. आधी रुंद फळीच्या कडेलाच नक्षी काढायची, आणि मग तेवढी कड करवतीने सोडवून घ्यायची. कणीस शेतात भरतं, मग कापायचं; दाणे भरायच्या आधी कापून काय करणार? (ही उपमा माझी. मिस्त्री नुसतं “नही गुरुजी” म्हणाले.)

दांडी तळापर्यंत घालून मग दोन-तीन मिलिमीटर वर उचलून आवळायची, तळाला टेकवून नाही. बिट बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. कड आपल्याकडे असेल तर यंत्र डावीकडून उजवीकडे न्यायचं, म्हणजे पातं लाकडाच्या विरुद्ध चालतं आणि यंत्र पळून जात नाही. मी पहिल्या तुकड्यावर उजवीकडून डावीकडे नेलं, तेव्हा यंत्र मला घेऊन कोपऱ्यातल्या तुळशीपर्यंत गेलं. दुसऱ्या तुकड्यावर मी कौतुकाने मध्येच थांबून बघत राहिलो, तर तिथे लाकूड काळं पडलं. तिसऱ्यावर एकदम दोन सूत खोल गेलो आणि सागवानाची कपची उडाली. “दोन सूत काढायचं तर तीनदा जा,” मिस्त्री म्हणाले. “बाप पंचवीसदा जायचा.”

गलता तीन फेऱ्यांत उतरला. मग फळी उलटी करून दुसरं बिट लावलं. या बिटांच्या टोकाला बारीक बेअरिंग असतं, ते लाकडाच्या कडेवरून धावतं आणि पात्याला ठरल्यापेक्षा आत जाऊ देत नाही. पण त्याला धावायला न कापलेली जागा हवी. ती कुठली? मधला दोन सुताचा पट्टा! मला आजवर तो पट्टा शोभेसाठी आहे असं वाटत होतं. मिस्त्रींच्या बापाने १९६२ साली तो माझ्या बेअरिंगसाठी सोडला नसणार हे उघड आहे, पण तेव्हा मला तसं म्हणावंसं वाटलं, आणि मी तसं म्हटलंही. नातवाने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

पट्टी करवतीने सोडवली, कोपऱ्याला पंचेचाळीस अंशात कापली (हे गणित माझं, आणि बरोबर आलं), सागवान तेलकट असतं म्हणून चिकटवायच्या आधी पुसून घेतली आणि बसवली. रंग मात्र वेगळा दिसत होता. तीन बाजूंपैकी दोन काळ्याभोर, एक मधाच्या रंगाची. मिस्त्री म्हणाले, तेलाच्या हाताने दोन वर्षांत जुळेल. पैसे विचारले तर त्यांनी नातवाकडे बोट दाखवलं आणि स्वतःसाठी पेटीतलं एक बिट मागून घेतलं, पन्हळीचंच, मात्र एका सुताचं. ते त्यांना कशाला हवं होतं हे मी विचारलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी आक्का आली. हातपाय धुतले, पाणी प्यायली, कापूस मागितला आणि चष्मा न लावताच देव्हाऱ्यापुढे बसली. मी दाराशी पेपर वाचत उभा होतो. पेपर उलटा होता हे हिने मला नंतर सांगितलं. आक्काने पहिली वात वळली आणि न बघता हात डावीकडे नेला. वात पन्हळीत ठेवली. दुसरी ठेवली. पाच झाल्या, अकरा झाल्या. एकही घरंगळली नाही. आक्का दोंडाईच्यातल्या लग्नाच्या गोष्टी सांगत होती आणि हात आपोआप जात होता. बाराव्या वातीला तो थांबला. बोट पन्हळीतून टोकापर्यंत गेलं, परत आलं.

“वास येतोय रे,” ती म्हणाली. “नव्या लाकडाचा.”

मी काही बोलायच्या आत हिने सगळं सांगून टाकलं. टेम्पो, रंगारी, कणिक, बकरी, पस्तीस शतांश, उदबत्तीचं घर. वर यंत्राची, दोन खेपेच्या बिटांची आणि रिक्षाची बेरीजही सांगितली. त्या रकमेत वातींचे चांदीचे दोन डबे आले असते. आक्का हसून हसून डोळे पुसत होती, आणि पुसताना हसायचं थांबली तरी ती डोळे पुसतच होती. मग तिने तेरावी वात वळायला घेतली.

जरा वेळाने तिची नजर टेबलावर गेली. “अन् ते पेपरावर काय ठेवलंयस रे? पितळी शिखर का?”

मी ते मोठं बिट तिच्या हातात दिलं. तिने ते उजेडात धरून गोल गोल फिरवलं, वळणांवरून काळजीपूर्वक नख फिरवलं.

“किती सुरेख आहे! आमच्या घरच्या मोठ्या पाटाला ही कड काय शोभेल! पुढच्या आखाजीला पाट घेऊनच येते.”

मी हिच्याकडे पाहिलं. ही आत सांजोऱ्यांकडे निघून गेली. रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाईल काढला आणि अर्धा इंच तोंडाच्या राऊटरला काय पडतं ते बघायला लागलो. या वेळी कागद-पेन्सिल घेऊन, पायऱ्या लिहून.